अमेरिकेत म्युझिक एज्युकेशनचं मास्टर्स करायचंय? अर्ज कसा करायचा ते सविस्तर

शाळेत संगीत शिकवणारे, क्लासेस घेणारे, विशारद झालेले, एमए म्युझिक केलेले बरेच जण हल्ली विचारतात की बाहेर जाऊन म्युझिक एज्युकेशनमध्ये मास्टर्स करता येईल का, आणि अर्ज नेमका कसा करायचा. मराठीत याबद्दल एका जागी फारसं सापडत नाही म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतेय. मुख्यतः अमेरिकेबद्दल लिहिलंय, शेवटाकडे हंगेरीबद्दल पण थोडं आहे कारण तो पर्याय आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या कोर्समध्ये तुमचं गाणं सुधारणार नाही. मुलं सूर कसा पकडतात, वर्गात ताल कसा बसवायचा, अभ्यासक्रम कसा आखायचा, मुलांची प्रगती मोजायची कशी, संगीत शिकवायचंच का, हे सगळं तिथे शिकतात आणि त्यावर संशोधन करतात. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना तुमच्यातला शिक्षक बघायचा असतो. आपल्याकडून जाणारे बहुतेक अर्ज इथेच कमी पडतात. बक्षिसं, स्पर्धा, कुठल्या समारंभात गायलात, बडा ख्यालाचं रेकॉर्डिंग, सगळं असतं आणि शिकवण्याबद्दल मात्र "पाच वर्षांचा अनुभव आहे" एवढी एकच ओळ. उलटं करा. गाण्याबद्दल एक परिच्छेद पुरतो, बाकी सगळा अर्ज शिकवण्याबद्दल असू दे.

आता कोर्सचे प्रकार, कारण इथे गोंधळ झाला तर पुढचं सगळंच चुकतं. मास्टर ऑफ म्युझिक, मास्टर ऑफ म्युझिक एज्युकेशन, एमए, एमएड, एमएटी अशी वेगवेगळी नावं दिसतील, पण नावाकडे फार बघू नका, आतमध्ये दोनच वाटा आहेत. एक वाट लायसन्सची, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याचं लायसन्स लागतं आणि ते मिळवून देणारा कोर्स, यात शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचं एक सत्र वगैरे असतं. दुसरी वाट आधीपासून शिकवणाऱ्यांची, ज्यात लायसन्स मिळत नाही पण अभ्यास खोल होतो, साधारण तीसच्या आसपास क्रेडिट्स असतात आणि एक ते दोन वर्षांत संपतो. भारतात परत येऊन शाळेत, कॉलेजात, स्वतःच्या विद्यालयात काम करायचं असेल किंवा पुढे पीएचडी करायची असेल तर दुसरी वाट घ्या. लायसन्सच्या वाटेत बरेचदा बॅचलर्सच्या वेळचे वेस्टर्नचे विषय भरून काढावे लागतात, त्यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात. आणि नोकरीचं गणित पण आत्ताच बघून ठेवा, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिक्षण झालं की ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने काम करता येतं, इंजिनिअरिंगवाल्यांना जी जास्तीची मुदत मिळते ती स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांना असते आणि म्युझिक एज्युकेशन त्यात धरत नाहीत. त्यानंतर शाळेने एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा स्पॉन्सर करणं फार अवघड असतं. "तिकडेच सेटल होऊ" या हिशोबाने चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढून या विषयाला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

अजून एक, अमेरिकन शाळांमध्ये संगीताचे साधारण चार कप्पे असतात: बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर आणि जनरल म्युझिक. पहिल्या तीनमध्ये आपल्या हिंदुस्थानी पार्श्वभूमीला जागा कमी, कारण तिथे स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून मोठा गट कंडक्ट करायचा असतो. जनरल म्युझिक म्हणजे प्राथमिकच्या मुलांना गाणं, ताल, हालचाल, ऐकणं, स्वतः काहीतरी रचणं हे सगळं शिकवणं, आणि आपले शाळेतले संगीत शिक्षक बहुतेक हेच करत असतात. तुमचा अर्ज या कप्प्यात बसतो हे तुम्हीच स्पष्ट लिहा, समोरच्याला अंदाज करायला लावू नका.

पात्रतेचं बघू. बॅचलर्स डिग्री लागतेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद किंवा अलंकार असेल तर ते जरूर दाखवा पण तिकडे विद्यापीठाची डिग्री म्हणून ते चालेल असं धरून बसू नका. बीकॉम अधिक विशारद असा जोड असलेल्यांनी आधी ईमेल करून विचारायचं, कारण काही ठिकाणी डिग्री संगीताचीच किंवा म्युझिक एज्युकेशनची लागते आणि काही ठिकाणी संगीताची पुरेशी तयारी दाखवली तरी चालते. तीन वर्षांच्या डिग्रीचंही तसंच, काही विद्यापीठं घेतात, काहींना चार वर्षं लागतात, पण तीन अधिक दोन म्हणजे बीए अधिक एमए असेल तर प्रश्न सहसा सुटतो. पुण्याच्या ललित कला केंद्रातून, मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागातून किंवा एसएनडीटीतून एमए केलेल्यांना हा मुद्दा फारसा अडत नाही.

ट्रान्सक्रिप्टचं काम मात्र सगळ्यात आधी सुरू करा, आजच करा. मार्कशीट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नाही, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून सही-शिक्का आणि सीलबंद पाकीट किंवा थेट ऑनलाइन पाठवलेली प्रत लागते, जुन्या वर्षांचे रेकॉर्ड शोधायला वेळ लागतो, मधे दिवाळीची सुट्टी येते आणि मग डिसेंबरची डेडलाइन डोक्यावर येते. काही विद्यापीठं वेससारख्या, परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून तुमच्या डिग्रीचं मूल्यांकन मागतात, तेव्हा कोर्सनुसार सविस्तर रिपोर्ट मागतायत की साधा ते वाचून मगच पैसे भरा. टक्के किंवा सीजीपीए स्वतः बदलून अमेरिकन चारच्या स्केलवर लिहू नका, जे आहे ते तसंच आणि किती पैकी ते लिहा.

विद्यापीठ कसं निवडायचं? न्यूयॉर्कमधलं कोलंबियाचं टीचर्स कॉलेज आणि एनवाययूचं स्टाइनहार्ट, रॉचेस्टरचं ईस्टमन, ब्लूमिंग्टनमधलं इंडियाना विद्यापीठाचं जेकब्स स्कूल, मिशिगन स्टेट, शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न ही नावं या विषयात मोठी आहेत. बॉस्टन युनिव्हर्सिटीचं मास्टर्स ऑनलाइन पण होतं, ज्यांना नोकरी आणि घर सोडून जाता येत नाही त्यांनी ते जरूर बघावं. पण नुसत्या मोठ्या नावांची यादी करून अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक विभागाच्या पानावर जाऊन तिथले प्राध्यापक कशावर लिहितात ते वाचा. एकजण लहान मुलांच्या गाण्याच्या आवाजावर काम करत असेल, दुसरा सर्वसमावेशक वर्गावर, तिसरी जगातल्या वेगवेगळ्या संगीत परंपरा शाळेत कशा आणायच्या यावर. नॅफमी ही तिथल्या संगीत शिक्षकांची मोठी संघटना, १९०७ पासूनची, त्यांच्या संशोधन पत्रिकेतले दोन-चार लेख तरी वाचा, कठीण वाटले तरी वाचा, कारण त्यातूनच कळतं की या विषयात प्रश्न कसे विचारतात. आणि विद्यापीठाला एनएएसएमची मान्यता आहे का बघा, ती संगीत शिक्षण देणाऱ्या संस्थांची मान्यता देणारी यंत्रणा आहे. पाच-सहा ठिकाणी नीट केलेला अर्ज पुरतो, अर्जाची फी पण प्रत्येक ठिकाणी वेगळी भरावी लागते आणि ती परत मिळत नाही.

निवड झाली की त्या त्या विभागाच्या कोऑर्डिनेटरला सप्टेंबरमध्ये एक छोटा ईमेल टाका. "आदरणीय महोदय, मी अत्यंत नम्रपणे" असलं काही नको. तीन गोष्टी लिहा: तुम्ही कोण, कुठे आणि कितवीच्या मुलांना काय शिकवता, आणि तुमचा नेमका प्रश्न. प्रश्न असे असतात: हिंदुस्थानी गायनाची पार्श्वभूमी असलेला विद्यार्थी तुमच्याकडे चालतो का, परफॉर्मन्स ऑडिशन लागते का आणि लागत असेल तर ख्याल चालेल का, शिकवण्याचा व्हिडिओ मराठीत असला तर सबटायटल देऊन चालेल का, परदेशी विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून फी-माफी आणि स्टायपेंड, मिळते का. ज्याचं उत्तर वेबसाइटवर लिहिलंय ते विचारू नका. बहुतेक जण उत्तर देतात आणि त्या उत्तराच्या सुरावरूनच तुम्हाला कळतं की तिथे आपलं जमेल की नाही.

आता शिकवण्याचा व्हिडिओ. माझ्या मते अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वजन याचंच असतं आणि यावरच सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते. साधारण पंधरा-वीस मिनिटांचा मागतात, बऱ्याचदा कट न करता सलग. गॅदरिंगचा व्हिडिओ पाठवू नका, पाठ झालेलं समूहगीत मुलं छान गातायत आणि तुम्ही पेटीवर साथ करताय यात शिकवणं कुठे दिसतं? मुलांना जे येत नाही ते तुमच्या वर्गात यायला लागतंय, तो क्षण पकडायचा असतो.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. पाचवीचा वर्ग, भूप राग शिकवताय. सा रे ग प ध सा, मध्यम नाही निषाद नाही. मुलं आरोह गाताना ग वरून प वर जाताना मधे हळूच मध्यम लावून जातात, कारण सा रे ग म प ची सवय असते. बहुतेक जण काय करतात, "म नाही म नाही, परत" असं म्हणतात आणि पेटीवर जोरात वाजवून दाखवतात. त्याऐवजी थांबा. स्वतः दोन वेळा गा, एकदा ग म प आणि एकदा ग प, आणि मुलांना विचारा दोन्हीत काय वेगळं ऐकू आलं. कोणीतरी म्हणेल "दुसऱ्यात उडी मारली." मग सगळ्यांना हाताने ती उडी दाखवत गायला लावा, पेटी बंद, फक्त तानपुरा. मग मागच्या बाकावरच्या तिघांना गायला सांगा, मग पुढच्या. एका मुलीचा अजून मध्यम लागतोय तर तिला तुम्ही ग धरून ठेवायला सांगता आणि शेजारणीला प गायला लावता, म्हणजे तिला आधी उडी कुठे पोचायचीय ते ऐकू येतं. ही चार मिनिटं व्हिडिओत आली ना, की बघणाऱ्या प्राध्यापकाला मराठी येत नसलं तरी सगळं कळतं: तुम्ही चूक ऐकता, चुकीचं कारण ओळखता, मुलाला न लाजवता दुसरा रस्ता काढता. असं त्यांना रोज बघायला मिळत नाही.

तांत्रिक बाजू साधीच आहे. मोबाइल पेटीच्या जवळ ठेवू नका नाहीतर मुलांचे आवाज पेटीखाली दबतात, खोलीच्या बाजूला, खिडकी कॅमेऱ्याच्या मागे येईल असा ठेवा, तुम्ही आणि मुलांचे चेहरे दोन्ही आले पाहिजेत. पंखा बंद करता आला तर करा. तानपुरा अ‍ॅपवरून लावत असाल तर छोटा स्पीकर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला. मराठी बोलणं असेल तिथे इंग्रजी सबटायटल घाला. एकाच दिवशी शूट करून मोकळं होऊ नका, जूनपासून सप्टेंबरपर्यंत अधूनमधून वर्ग रेकॉर्ड करत राहा, मुलं पण कॅमेऱ्याला सरावतात आणि मग खरा वर्ग दिसतो. आणि हे अत्यंत महत्त्वाचं, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र घ्या, व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांना दिसेल असा टाकू नका, फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा ठेवा. लहान मुलांचे चेहरे आहेत ते, याबाबतीत हयगय नको. व्हिडिओसोबत पाठाचं एक पानी नियोजन आणि "पुढच्या वेळी मी काय बदलेन" असं अर्धं पान जोडा, मागितलं नसेल तरी जागा असेल तर जोडा.

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. "मला लहानपणापासून संगीताची आवड होती, आजोबा भजन गायचे" याने सुरुवात करू नका, आजोबांबद्दल प्रेम असू द्या पण समितीला तुमचा प्रश्न ऐकायचाय. प्रश्न तुमच्या वर्गातूनच येतो. समजा महापालिकेच्या शाळेत शिकवताय, वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आठवड्यातून एकदा, एक पेटी. सगळी मुलं एकत्र गातात तेव्हा छान वाटतं पण त्यातली किती जण खरंच सुरात आहेत हे कळतच नाही, एकेकाला गायला लावलं तर तास संपतो आणि लाजरी मुलं गप्प बसतात. तर मोठ्या वर्गात प्रत्येक मुलाचा सूर कसा ऐकायचा आणि कसा नोंदवायचा, हा झाला प्रश्न. तुम्ही आत्तापर्यंत काय करून पाहिलं ते लिहा, कुठे अडलं ते लिहा, आणि मग त्या विद्यापीठातल्या कुठल्या प्राध्यापकाचं काम याच्याशी जुळतं ते लिहा. असा एसओपी दोन पानांत होतो आणि तो दुसऱ्या कोणाचाच असू शकत नाही. एजंटकडून किंवा एआयकडून लिहून घेतलेला लगेच ओळखू येतो, त्यात साठ मुलं नसतात आणि ती एक पेटी पण नसते.

आपली पद्धत त्यांना समजावून सांगायला दोन-तीन वाक्यं राखून ठेवा. त्यांना घराणं म्हणजे काय, विशारद म्हणजे काय माहीत असेलच असं नाही. सरळ लिहा की विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरात चालणारं शिक्षण वर्गात आणलं, भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून नोटेशनमध्ये उतरवल्या आणि थाटांची मांडणी केली, आणि आज आपण ज्या परीक्षा देतो त्या या सगळ्यातून आल्या. म्हणजे गुरुशिष्य परंपरा आणि वर्गातलं शिक्षण यांची ओढाताण आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त चालू आहे आणि तुम्ही त्या दोन्हीतून शिकला आहात. तुमच्याकडचं हे सगळ्यात मोठं भांडवल आहे, ते लपवून "मला पाश्चात्त्य पद्धती शिकायच्या आहेत" एवढंच लिहिणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

लेखनाचा नमुना मागतात तेव्हा एमएचा प्रबंध मराठीत असेल तर त्यातलं एक प्रकरण नीट इंग्रजीत करा, दहा-बारा पानं, संदर्भ व्यवस्थित देऊन. राग-वर्णनाचं प्रकरण घेऊ नका, ज्यात काहीतरी युक्तिवाद आहे ते घ्या.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. एक मुख्याध्यापक किंवा ज्यांनी तुमचा वर्ग प्रत्यक्ष बघितलाय अशा कोणाचं, एक एमएच्या प्राध्यापकांचं जे तुमच्या अभ्यासाबद्दल बोलू शकतात, आणि तिसरं गुरुजींचं किंवा गुरुमाँचं. इथे अडचण अशी येते की गुरुजींना ऑनलाइन पोर्टल, इंग्रजी, अपलोड हे सगळं जड जातं आणि मग शिष्यच पत्र लिहून सहीला नेतो. तसं करू नका. गुरुजींना मराठीत बोलू द्या, त्यांच्या घरातल्या कोणाला किंवा दुसऱ्या गुरुबंधूला ते उतरवून इंग्रजीत करू द्या, मूळ मराठी आणि भाषांतर दोन्ही गुरुजींच्याच ईमेलवरून जाऊ देत. पत्र गोपनीय असतं, ते बघायचा हक्क सोडता का असं फॉर्मवर विचारतात, तिथे हो म्हणा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. आणि सगळ्यांना तुमचा एसओपी, व्हिडिओची लिंक आणि डेडलाइन निदान सहा आठवडे आधी द्या. "मुलगी गुणी आहे, नम्र आहे" याने काम होत नाही, गुरुजींनी असं सांगितलं पाहिजे की ही आमच्याकडे लहान मुलांना बसवायला लागली तेव्हा अलंकार पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडूनच नवीन पलटे बनवून घ्यायची, तसलं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं.

इंग्रजीची परीक्षा म्हणजे टोफेल किंवा आयईएलटीएस, काही ठिकाणी ड्युओलिंगो चालते, स्कोअर दोन वर्षं टिकतो. शिकवायची असिस्टंटशिप हवी असेल तर बोलण्याच्या भागात जास्त गुण मागतात. जीआरई ही मास्टर्स प्रवेशाची सामायिक परीक्षा या विषयात बऱ्याच ठिकाणी लागत नाही, तरी प्रत्येक पान तपासा.

डेडलाइन साधारण १ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान असतात, वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. काही ठिकाणी आधी विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचा अर्ज आणि वेगळा म्युझिक स्कूलचा अर्ज असे दोन असतात, व्हिडिओ अ‍ॅक्सेप्टेडसारख्या तिसऱ्याच साइटवर चढवायचा असतो, यातलं एक राहिलं तर अर्ज अपूर्ण धरतात. सबमिट केल्यावर पोर्टलमध्ये जाऊन चेकलिस्ट हिरवी झालीय का ते बघत राहा.

जानेवारी-फेब्रुवारीत झूमवर मुलाखत होते. न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. विचारतात ते असं: तुमच्या वर्गात सगळ्यात अवघड मूल कोणतं आणि त्याच्यासाठी काय केलंत, व्हिडिओत या ठिकाणी तुम्ही थांबलात ते का, दुसऱ्या देशातल्या मुलांना शिकवायची वेळ आली तर काय शिकवाल. काही ठिकाणी दहा मिनिटं त्यांनाच विद्यार्थी धरून शिकवायला लावतात. हाताने तीनताल दाखवत टाळी-खाली शिकवणं, मग त्यावर त्यांच्याकडून छोटी तिहाई म्हणवून घेणं, हे दहा मिनिटांत मस्त बसतं आणि प्राध्यापक पण मजेत करतात. सराव मात्र घड्याळ लावून करा, आपल्याला समजावून सांगायची सवय असते आणि त्यातच आठ मिनिटं जातात.

पैशाचं बोलू. खासगी विद्यापीठांची फी खूप असते, त्यामुळे असिस्टंटशिप हा खरा आधार. आठवड्याला दहा ते वीस तास काम, म्हणजे बॅचलर्सच्या मुलांच्या वर्गाला मदत, संशोधनात मदत, विद्यार्थी शिक्षकांना शाळेत बघायला जाणं, आणि त्याबदल्यात फी माफ किंवा कमी आणि महिन्याला स्टायपेंड. एफ-वनवर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. असिस्टंटशिपचा अर्ज बऱ्याचदा वेगळा आणि आधीच्या तारखेचा असतो. ऑफर आली की लगेच हो म्हणायची घाई करू नका, अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी १५ एप्रिलचा नियम मान्य केलाय, म्हणजे आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. तोवर बाकीच्या ठिकाणची उत्तरं येऊ देत, आणि एका ठिकाणी जास्त मदत मिळाली असेल तर दुसऱ्या ठिकाणी नम्रपणे विचारायला काहीही हरकत नाही.

आपल्याकडून मिळणारी मदत पण बघा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे म्हणजे परत करायची असते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. यात विद्यापीठाचं क्यूएस रँकिंग, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या क्रमवारीतलं स्थान, बघतात, आणि ते अख्ख्या विद्यापीठाचं बघतात, संगीतात नाव असलेलं पण एकूण रँकिंगमध्ये मागे असलेलं विद्यापीठ निवडलंत तर शिष्यवृत्ती हुकते. म्हणून यादी करतानाच त्या वर्षीची जाहिरात शेजारी ठेवा.

आणि आता हंगेरी. केचकेमेत नावाच्या गावात बुडापेस्टच्या लिस्त संगीत अकादमीची कोदाय इन्स्टिट्यूट आहे, १९७५ पासूनची, तिथे कोदाय पद्धतीच्या संगीत शिक्षणात इंग्रजीतून एमए करता येतं. हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय यांनी सांगितलेली मूळ गोष्ट आपल्याला अगदी घरची वाटेल: आधी गळा मग वाद्य, आधी मातृभाषेतली लोकगीतं मग बाकीचं, आणि सरकणारा "डो", म्हणजे कुठल्याही पट्टीत पहिला स्वर डो, आपला सा जसा कुठल्याही पट्टीत सा असतो तसाच. सरगम पक्की असलेल्या माणसाला तिथली सोल्फा म्हणजे डो-रे-मीची स्वरलिपी लवकर जमते, हाताच्या खुणा शिकल्या की झालं. भोंडल्याची गाणी, ओव्या, बडबडगीतं घेऊन प्राथमिकचा अभ्यासक्रम बांधायचा असेल तर माझ्या मते अमेरिकेपेक्षा हीच जागा जास्त योग्य आहे. हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगेरिकम शिष्यवृत्ती भारतीयांना मिळते, त्यात फी माफ असते आणि महिन्याला थोडे पैसे मिळतात. अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो आणि भारताच्या शिक्षण मंत्रालयाकडे पण वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरला तर हंगेरीकडचा अर्ज नीट असून उपयोग नाही. मात्र तिथे स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीवरून, गाता येणं आणि थोडा पियानो लागतो.

नोटेशनवरून आठवलं, हे अमेरिकेलाही लागू आहे. प्रवेश मिळाल्यावर वर्ग सुरू व्हायच्या आधी बऱ्याच ठिकाणी डायग्नोस्टिक परीक्षा होते, वेस्टर्न थिअरी, ऐकून लिहिणं आणि संगीताचा इतिहास. नापास झालात तर प्रवेश जात नाही पण रिव्ह्यूचे कोर्स करावे लागतात, ज्यांची क्रेडिट्स डिग्रीत सहसा धरत नाहीत आणि फी मात्र लागते. त्यामुळे अर्ज करायच्या वर्षीच तयारी सुरू करा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या वेस्टर्न म्युझिकच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांची पाचव्या ग्रेडपर्यंतची थिअरी करा, मुंबई-पुण्यात शिकवणारे भरपूर आहेत, गोव्यात पणजीच्या कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचा विभागच आहे. गोव्यातल्या ज्यांचं लहानपण चर्चच्या क्वायरमध्ये गेलंय त्यांना हा भाग सोपा जातो. बाकीच्यांनी रोज अर्धा तास तरी द्यावा, आधी ट्रेबल आणि बास क्लेफ वाचणं, मग स्केल आणि की सिग्नेचर, मग तीन स्वरांचे कॉर्ड आणि त्यांचे रोमन आकडे, मग चार आवाजांची मांडणी. ऐकून लिहायला सुरुवातीला आपल्याच बंदिशीचा मुखडा घ्या, तुम्हाला सरगम येतेच, ती स्टाफवर उतरवा.

व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा अधिकृत फॉर्म येतो, त्याआधी बँकेत किंवा कर्जमंजुरीत एका वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी यंत्रणेची, ३५० डॉलर फी, व्हिसाच्या अर्जाची १८५ डॉलर, यात बदल होत असतात म्हणून भरायच्या आदल्या दिवशी अधिकृत साइट बघा. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळणं कठीण होतं, आय-२० हातात पडल्या दिवशी तारीख घ्या. मुलाखतीत विचारलं की म्युझिक एज्युकेशन का, तर एसओपीतलाच प्रश्न दोन वाक्यांत सांगा आणि परत येऊन कुठे काम करणार ते सांगा. शाळेने किंवा संस्थेने "परत आल्यावर आम्ही हिला घेऊ" असं पत्र दिलं असेल तर फाइलमध्ये वरच ठेवा. नोकरीत असाल तर राजीनामा देण्याआधी बिनपगारी अभ्यास रजेचा अर्ज संस्थेकडे टाकून बघा, अनुदानित शाळांमध्ये त्याची प्रक्रिया लांबते, त्यामुळे तो प्रवेशाची वाट न बघता डिसेंबरमध्येच द्या.